कर्त्याच्या शोधात सहा दिवस

"एजन्सी" या विषयावरच्या उन्हाळी शाळेला चालले आहे, असं सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "विम्याची का?" विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. मराठीत हा शब्द ऐकला की कमिशनच आठवतं. मग मी "कर्तृत्व" म्हणून पाहिलं, तर ते आणखी अवघड. कर्तृत्व म्हणजे आपल्याकडे पराक्रम. "जिवाणूचं कर्तृत्व" म्हटलं की त्याचा सत्कार ठेवावासा वाटतो. शेवटी "कर्तेपण" या शब्दावर थांबले. तोही पायात थोडा चावतोच, पण चालता येतं.

विषय थोडक्यात असा, की उत्क्रांतीच्या गोष्टीत जीव नुसता घडवला जातो, की त्या घडण्यात त्याचाही काही हात असतो? असेल तर कोणाकोणाचा? माकडाचा आहे, मग मुंगीचा? वेलीचा? एका पेशीचा? पदव्युत्तर आणि पीएचडीचे पंचवीसेक विद्यार्थी, निम्मे जीवशास्त्राचे, निम्मे तत्त्वज्ञानाचे, एका तळ्याकाठच्या जुन्या इमारतीत सहा दिवस कोंडलेले. मी जीवशास्त्राच्या निम्म्यातली. जिवाणू कसे पोहतात यावर माझं काम चालतं. तत्त्वज्ञान म्हणजे जेवणानंतर बोलायची गोष्ट, अशी माझी जाताना तरी पक्की समजूत होती.

पहिला दिवस

विमानानं मला आणलं, बॅगेला आणलं नाही. खिडकीमागच्या माणसानं संगणकात बघून जे सांगितलं, त्याचं मराठी "तुमची बॅग आली नाही" असंच होतं. जणू तिनंच आयत्या वेळी विचार बदलला! कोणी चढवली नाही, कुठे राहिली, हे सगळं त्या वाक्यातून गुल. पुढचे सहा दिवस ज्यावर डोकं फोडायचं होतं तो प्रश्न मला तिथेच सामानाच्या पट्ट्याशेजारी भेटला होता. मला तेव्हा फक्त टूथब्रशची काळजी होती.

रेल्वे, मग बस, मग अर्ध्या तासाचा चढ. सामान नसल्यामुळे चढ मात्र मजेत चढले. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड होता आणि तळ्यावर चिलटांचे खांब उभे होते.

संध्याकाळी ओळखी. नाव, गाव, विषय असं काही नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. त्यावर एकच वाक्य लिहायचं: तुम्ही अभ्यासता तो जीव काय करतो? चिठ्ठ्या फळ्यावर लागल्या. "वेल आधार शोधते." "जनुक ठरवतो." "विषाणू पेशीला फसवतो." "गांधीलमाशी घर ओळखते." "निसर्ग निवडतो." माझी चिठ्ठी होती "जिवाणू साखरेकडे जातो." त्या सगळ्यांत मला ती सर्वात निरुपद्रवी वाटली. सत्र चालवणाऱ्या बाईंनी लाल खडूनं प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारली आणि विचारलं, "यातल्या किती क्रियापदांवर तुम्ही सही करायला तयार आहात?"

कोणी हात वर केला नाही. चिठ्ठ्या फळ्यावर तशाच ठेवल्या, शेवटच्या दिवसापर्यंत.

दुसरा दिवस

सकाळभर इतिहास. अॅरिस्टॉटल आणि कांट पहिल्या तासात आटोपले. कांटनं १७९०मध्ये म्हटलं होतं, की जिवाकडे पाहताना तो हेतूनं बनला आहे असं धरल्यावाचून आपल्याला पुढे जाता येत नाही, पण म्हणून हेतू खरोखर तिथे आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. तत्त्वज्ञानवाले माना डोलवत होते, आम्ही चहाकडे बघत होतो.

डार्विन आल्यावर मात्र मी सरसावून बसले. "नैसर्गिक निवड" हा शब्द त्यानं कबुतरं पाळणाऱ्यांवरून घेतला. पाळणारा जोड्या निवडतो, हे सरळ आहे. निसर्ग निवडतो म्हटल्यावर लोक विचारू लागले, निसर्ग म्हणजे कोण? १८६१च्या आवृत्तीत डार्विननं थोडं वैतागूनच उत्तर दिलं, की रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्यांच्या आवडीनिवडीबद्दल बोलतात तेव्हा त्यांना कोणी हटकत नाही. जुलै १८६६मध्ये वॉलेसनं, म्हणजे निवडीची हीच कल्पना ज्याला स्वतंत्रपणे सुचली होती त्या निसर्गअभ्यासकानं, त्याला पत्र लिहून सुचवलं, की या शब्दानं वाचकांची दिशाभूल होते, त्यापेक्षा तत्त्वज्ञ स्पेन्सरचा "सर्वात लायक तो टिकतो" हा प्रयोग घ्यावा. डार्विननं १८६९च्या आवृत्तीत तो घेतला. जुना मात्र टाकला नाही. आजही आपण जुनाच वापरतो आणि दर वेळी "म्हणजे कोणी निवडत नाही हं" अशी पुस्ती जोडतो.

मला शाळेतलं व्याकरण आठवलं. उजाडलं. गडगडलं. मळमळतं. या वाक्यांत कर्ता कोण? क्रियेचा भाव हाच कर्ता, असं आम्हाला पाठ करून घेतलं होतं. भावकर्तृक क्रियापद. डार्विनला हवं होतं ते हेच: उजाडावं तशी होणारी निवड, जिच्यामागे दिवा लावणारा कोणी नाही. मधल्या सुट्टीत मी हे माझ्या खोलीतल्या जोडीदारणीला समजावलं. ती तत्त्वज्ञानवाली, शिवाय भाषाशास्त्रातून आलेली. तिनं वहीच काढली. "तुमच्या भाषेत असे शब्द आणखी किती आहेत?" मी "सांजावलं" सांगितलं आणि अडले. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं.

दुपारी जीवशास्त्राचे तत्त्वज्ञ समीर ओकाशा यांच्या २०१८च्या मांडणीवर चर्चा झाली. कर्त्याची भाषा आपण दोन वेगळ्या ठिकाणी वापरतो, असं ते दाखवतात. एक, जीव स्वतः कर्ता, त्याला काही साधायचं आहे. दुसरी, निवड हीच कर्ता, "निसर्गमाता" पर्याय चाळून उत्तम तो उचलते. पहिली भाषा काही अटींवर चालू शकते. जिवाच्या अंगातल्या साऱ्या खटपटी एकाच दिशेनं ओढत असतील, तर. दुसरीबद्दल ते बरेच साशंक आहेत. हे वाटतं तितकं कोरडं नाही. आमच्यातल्या अर्ध्याअधिक जणांच्या लेखांत दोन्ही भाषा एकाच परिच्छेदात सापडल्या. माझ्याही.

आणि तिसरा उमेदवार म्हणजे जनुक. १९७६मध्ये रिचर्ड डॉकिन्सनं त्याला "स्वार्थी" म्हटलं, १९७९मध्ये तत्त्वज्ञ मेरी मिजलीनं त्यावर झोड उठवली, मग त्याचं उत्तर. वाचताना करमणूक होते, पण हाती काय लागलं ते सांगणं कठीण. बाईंचं निरीक्षण मला जास्त आवडलं. निसर्गाला कर्ता केलं, जनुकाला केलं, आणि जो दिवसभर खातो, पळतो, बिळं खणतो त्या जिवाला तेवढं मधल्या पोस्टमनचं काम दिलं. आत जनुकांचा हुकूम, बाहेर परिस्थितीची चाळणी, हा फक्त पाकीट पोचवणार. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिननं १९८३मध्ये एका निबंधाच्या मथळ्यातच जिवाला उत्क्रांतीचा कर्ता आणि कर्म असं दोन्ही म्हटलं, ते याच चिडीतून असावं.

तिसरा दिवस

आज हात ओले झाले.

तळ्यातलं पाणी बाटल्यांत भरून आणलं. पाणवनस्पतींची मुळं काचेच्या ताटलीत पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्टेंटर शोधायला बसलो. हा एका पेशीचा प्राणी. होमरच्या काव्यातल्या गडगडाटी आवाजाच्या दवंडीवाल्यावरून त्याचं नाव पडलं, कारण आकार हुबेहूब तुतारीचा. मी त्याला तुतारीच म्हणू लागले आणि दुपारपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. अरुंद टोकानं मुळाला चिकटलेली, रुंद तोंडाभोवती बारीक केसांची झालर, आणि ती झालर एकसारखी लवलवत पाणी आत ओढतेय. उजेडासमोर धरलं तर नुसत्या डोळ्यांनाही एक पांढुरका ठिपका दिसतो.

हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तुतारीवर लाल रंगाची पूड सोडून पाहिली होती. पूड त्रासदायक. त्यानं नोंदवलं, की तुतारी आधी बाजूला वाकते, मग झालर उलटी फिरवून पूड बाहेर फेकते, मग आखडून गोळा होते, आणि तरीही त्रास थांबला नाही तर जागा सोडून पोहत निघून जाते. त्रास तोच, उत्तरं मात्र एकामागून एक वेगळी. १९६७मध्ये कोणीतरी हा प्रयोग पुन्हा केला, काही दिसलं नाही आणि जेनिंग्जची नोंद अडगळीत गेली. त्यांनी वापरली होती स्टेंटरची दुसरीच जात, जिला एका जागी बसण्यापेक्षा पोहत राहणं आवडतं! २०१९मध्ये हार्वर्डमधल्या तिघांनी योग्य जात घेऊन, पुडीऐवजी प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी सोडून प्रयोग केला, आणि क्रम खरा निघाला. प्रत्येक तुतारी सगळ्या पायऱ्या चढत नाही, कोणी एखादी गाळते. पण वाकणं आणि झालर उलटवणं आधी, आखडणं नंतर, सोडून जाणं शेवटी, हे टिकलं. आखडल्यावर पुढे पुन्हा आखडायचं की निघून जायचं, हा मात्र जणू नाणेफेकीचा मामला.

आमच्या गटाला एक चांगली चिकटलेली तुतारी मिळाली. मी बारीक नळीनं मणी सोडायचे, शेजारच्या किडेवाल्या मुलानं वेळ सांगायची, जोडीदारणीनं लिहायचं. पहिली फवारणी, काही नाही. दुसरीला ती वाकली, म्हणजे अक्षरशः मान वळवल्यासारखी. मी नळी हलवली, ती दुसरीकडे वाकली. मग झालर क्षणभर थबकली आणि तोंडाशी जमलेले मणी बाहेर उडाले. आम्ही तिघं एकदम "ओ!" केलं. पुढच्या फवाऱ्याला डोळ्याची पापणी लवायच्या आत तुतारीचा मणी झाला. मग हळूहळू, अगदी आळस देत, ती लांब झाली. झालर उघडली. मी पुन्हा सोडले. पुन्हा गोळा. असं किती वेळा ते वहीत आहे, मला आता आठवत नाही. मला आठवतं ते असं, की हात दुखायला लागला होता आणि कोणीच बोलत नव्हतं.

मग तिचं टोक मुळावरून निघालं आणि ती फिरत फिरत भिंगाच्या वर्तुळाबाहेर गेली.

वही माझ्याकडे आली होती. घाईत मी मराठीत लिहिलं, "सुटली." लिहिलं आणि पेन थांबलं. सुटली की तिनं सोडलं? मराठी अशा जोड्यांनी भरलेली आहे. तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, पडणं-पाडणं, सुटणं-सोडणं. एकात कोणी काही करत नाही, दुसऱ्यात कोणीतरी करतं, आणि मध्ये उभं राहायला जागाच नाही. इंग्रजी अहवालात मी नेहमीप्रमाणे सगळं कर्मणीत ढकललं असतं. निरीक्षण करण्यात आले, हालचाल नोंदवण्यात आली. सरकारी पत्रकासारखं. तिथे तुतारीच काय, मीही कर्ता उरत नाही.

रात्री किडेवाल्यानं गांधीलमाशीची गोष्ट सांगितली. फाब्र या फ्रेंच निरीक्षकानं पाहिलं होतं, की एक प्रकारची गांधीलमाशी पकडलेला रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवते, आत जाऊन बीळ तपासते, मग रातकिडा आत ओढते. ती आत असताना त्यानं रातकिडा थोडा दूर सरकवला. बाहेर येऊन तिनं तो पुन्हा तोंडाशी आणला आणि पुन्हा बीळ तपासायला आत गेली. असं चाळीस वेळा. "कीटक म्हणजे नुसतं यंत्र" याचा पुरावा म्हणून ही गोष्ट पुढे शेकडो वेळा छापली गेली. छापणाऱ्यांनी एक गोष्ट गाळली. फाब्रनंच पुढे दुसऱ्या वसाहतीतल्या माश्यांवर हा खेळ केला, आणि त्यांनी दोन-तीनदा फसल्यावर रातकिडा सरळ आत ओढून नेला. फ्रेड कायझर यांनी २०१३मध्ये या गोष्टीचा माग काढून लेख लिहिला. यंत्रासारखं एकाच ओळीवर कोण अडकलं होतं, माशी की आपण, असं किडेवाला म्हणाला. त्यानं हे वाक्य आधी कुठेतरी वापरलं असावं, कारण ते फारच सफाईनं आलं.

चौथा दिवस

आज माझं बोलणं. कपडे उसने, कारण बॅग अजून आलेली नाही.

जिवाणू म्हणजे दोन-तीन मायक्रोमीटरचा देह आणि मळसूत्रासारख्या फिरणाऱ्या काही शेपट्या. शेपट्या एका दिशेनं फिरल्या की त्यांची जुडी होते आणि तो साधारण सेकंदभर सरळ धावतो. उलट फिरल्या की जुडी विस्कटते, तो सेकंदाच्या दहाव्या भागापुरता गटांगळी खातो आणि मग जिकडे तोंड होईल तिकडे धावतो. १९७२मध्ये हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी एकेका जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरून हे दाखवलं. इतका छोटा देह, की पुढच्या आणि मागच्या टोकाच्या साखरेतला फरक त्याला कळणं कठीण. म्हणून तो आत्ताची साखर काही सेकंदांपूर्वीच्या साखरेशी ताडून पाहतो. वाढतेय? मग पुढची गटांगळी लांबणीवर पडते. बस, एवढंच. वळायची दिशा तो ठरवत नाही.

हे सांगून झाल्यावर मागून जोडीदारणीनं शांतपणे विचारलं, "मग 'साखरेकडे जातो' हे खरं की खोटं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्या दिवशी सर्वात निरुपद्रवी म्हणून लावलेली चिठ्ठी! खरं म्हणजे जिवाणू वाट फुटेल तिकडे जातो. बरं वाटत असेल तोवर तिकडेच जात राहतो, इतकंच. हजारो जिवाणू मिळून नळीच्या साखरेच्या टोकाशी गर्दी करतात, आणि ती गर्दी बघून आपण म्हणतो, गेले.

मग तर्कशास्त्रवाल्या मुलानं थर्मोस्टॅट काढला. प्रत्येक अशा चर्चेत थर्मोस्टॅट निघतोच. तो म्हणाला, खोलीचं तापमान घसरलं की हीटर चालू होतो, जिवाणूही तेवढंच करतो, मग एकाला कर्ता म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, हे कशावरून? वर माझ्याच क्षेत्रातला दाखला माझ्यावर टाकला. ज्युलियस अॅडलर यांनी १९६९मध्ये दाखवलं होतं, की जिवाणूला पचवता येत नाहीत अशा साखरेसारख्या रेणूंकडेही तो गोळा होतो. "त्याला अन्न हवंय असं कुठे दिसतं? सुगावा घेणारा रेणू दबला, की झालं."

मी हरणारच होते. पण मला एक उत्तर सुचलं, आणि आयुष्यात इतक्या वेळेवर उत्तर सुचण्याची ही पहिलीच खेप असेल. मी म्हटलं, त्या रेणूकडे गेला म्हणजे तो फसला, असंच आपण म्हणतो ना? फसायचं तर आधी काहीतरी हवं असावं लागतं. थर्मोस्टॅटखाली मेणबत्ती लावली तर फसतो तो खोली गरम ठेवू पाहणारा माणूस, थर्मोस्टॅटला काय त्याचं? चूक झाली तर जिवाणू मरतो, थर्मोस्टॅट भिंतीवरच असतो.

थोडी चुळबुळ झाली. बाईंनी तिथे तत्त्वज्ञ डेनिस वॉल्श यांची २०१५मधली कसोटी जोडली. आत हेतूची छोटी बाहुली बसली आहे का, हे विचारू नका. परिस्थिती बदलली तर हा काय काय करू शकतो, त्याच्या पोतडीत किती उपाय आहेत, आणि त्यातला तो परिस्थितीला जुळेल असा काढतो का, हे विचारा. हे डोळ्यांनी बघता येतं, मोजता येतं. कर्तेपण मग आतली खास वस्तू राहत नाही, ती जीव आणि त्याची परिस्थिती यांच्यातल्या व्यवहाराची तऱ्हा होते. कालची तुतारी या कसोटीवर माझ्या जिवाणूपेक्षा खूपच वरचढ. मला जरा वाईटच वाटलं, इतकी वर्षं ज्याच्यासोबत काढली त्याला असं मागे बसावं लागलं म्हणून.

संध्याकाळी तळ्याकाठी जोडीदारीण पुन्हा व्याकरणावर आली. मी तिला पाणिनीचं सूत्र सांगितलं: स्वतन्त्रः कर्ता. जो क्रियेत स्वतंत्र तो कर्ता. ती खूश. मग मी तिचा आनंद घालवला. याच परंपरेत "स्थाली पचति", पातेलं शिजवतं, हेही वाक्य चालतं. कोणाला कर्ता करायचं ते बोलणाऱ्याच्या इच्छेवर, विवक्षेवर, असंही वैयाकरण म्हणतात. म्हणजे तर्कशास्त्रवाला म्हणतो तेच: कर्तेपण वस्तूत नाही, सांगणाऱ्याच्या सोयीत आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण पातेल्याखालचा जाळ काढला तर पातेलं दुसरा जाळ शोधत नाही." चिलटं चावायला लागली म्हणून उठलो.

पाचवा दिवस

दिवसभर पाऊस. तळ्यावर जायचं रद्द. सलग चार व्याख्यानं, त्यातली दोन माझ्या डोक्यावरून गेली आणि एक मी चक्क झोपून काढलं.

उरलेलं एक मात्र बकरीचं. डच शरीररचनाशास्त्रज्ञ स्लायपर यांनी १९४२मध्ये तिचं वर्णन केलं. तिला जन्मतः पुढचे पाय धड नव्हते. ती मागच्या दोन पायांवर उड्या मारत चालायला शिकली आणि वर्षभराची असताना अपघातात गेली. उघडून पाहिलं तर मागच्या पायांची हाडं, छातीचा पिंजरा, स्नायू, सगळं या चालीला साजेसं बदललेलं. जनुकांत "दोन पायांची बकरी" असा आराखडा कुठून असणार? ती चालली, आणि चालण्यानं शरीर घडलं. जीवशास्त्रज्ञ मेरी जेन वेस्ट-एबरहार्ड म्हणतात ते हेच, की उत्क्रांतीत जनुकं पुष्कळदा पुढारी नसतात, मागून येतात. आधी जीव नव्या परिस्थितीशी कसंबसं जुळवून घेतो, मग पिढ्यान्‌पिढ्या निवड ते पक्कं करते. २०१४मध्ये पॉलिप्टेरस नावाचे मासे आठ महिने जमिनीवर वाढवून पाहिले. त्यांची पर टेकत चालण्याची ढब सुधारली आणि खांद्याची हाडंही बदलली. मासे बिचारे, पण प्रयोग देखणा.

रात्री पाऊस थांबला आणि आम्ही गांडुळांकडे गेलो. डार्विननं शेवटच्या वर्षांत घरी कुंड्यांत गांडुळं पाळली होती, आणि १८८१मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. गांडुळं पानं ओढून बिळाचं तोंड बुजवतात. पान कुठल्या टोकानं ओढायचं हे त्यांना कळतं का, हे पाहायला त्यानं कागदाचे लांबट त्रिकोण कापले आणि दवानं लिबलिबीत होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली. ओढल्या गेलेल्या ३०३ त्रिकोणांपैकी ६२ टक्के निमुळत्या टोकानं आत गेले होते, १५ टक्के मधून, २३ टक्के रुंद बाजूनं. वाटेल तसं ओढलं असतं तर असं व्हायला नको. गांडुळाला थोडी अक्कल असावी, असा त्याचा निष्कर्ष.

आम्हीही त्रिकोण कापले, चोळले, हिरवळीवर पसरले आणि लाल उजेडाच्या विजेऱ्या घेऊन ओल्या गवतात पालथे पडलो. लाल उजेड गांडुळांना फारसा जाणवत नाही. तासाभरानं माझ्यासमोरच्या बिळातून एक चकचकीत तोंड आलं. चाचपडलं. त्रिकोणाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलं, आत गेलं, पुन्हा आलं. टोकाशी थांबलं. मी श्वास रोखला. त्यानं टोक धरलं, कागद अर्धा सेंटिमीटर सरकला, आणि तेवढ्यात कोणीतरी शिंकलं. गांडूळ खलास. म्हणजे आत. सकाळी मोजायला गेलो तेव्हा बहुतेक त्रिकोण वाऱ्यानं कुंपणाला लागले होते. आमच्याकडून विज्ञानाला एवढीच भर.

सहावा दिवस

शेवटचं सत्र म्हणजे विरोधकांची बाजू, मुद्दाम शेवटी ठेवलेली. ज्याला तुम्ही कर्तेपण म्हणता त्यातलं सगळं काम लवचीकता, शिकणं, शरीराचा समतोल, परिसर बदलणं या जुन्या शब्दांनी आधीच होतंय. मग नवा शब्द कशाला? त्यानं कुठला नवा प्रयोग सुचतो? आम्हाला गटांत बसवून "कर्तेपण मानलं तरच सुचेल" असा एक तरी प्रयोग लिहायला सांगितलं. आमच्या गटाला दोन तास लागले आणि जे निघालं ते तर्कशास्त्रवाल्यानं तीन मिनिटांत लवचीकतेच्या भाषेत बसवून दाखवलं. मला तो आवडत नाही, पण माणूस पक्का आहे.

माझा हिशेब वेगळा. प्रयोग जुन्या भाषेत बसवता येतो, हे खरं. पण तो सुचला कुठल्या भाषेत? जेनिंग्जनं तुतारीवर पुन्हा पुन्हा पूड सोडली, कारण "आता ही काय करेल?" असा प्रश्न त्याला पडला. "हिला काय होईल?" असा पडला असता तर पहिल्या आखडण्यापाशीच त्यानं वही मिटली असती. मी हे मोठ्यानं म्हणाले. तर्कशास्त्रवाला म्हणाला, "ते मानसशास्त्र झालं, तुझं, तुतारीचं नव्हे." बरोबर असेल. तरी घरी गेल्यावर मी जिवाणूला साखरेऐवजी कोंडीत पकडून बघणार आहे: दोन गोष्टी एकदम, एक हवीशी, एक नकोशी. हे पूर्वी लोकांनी केलेलं आहे. मी फक्त एकेकट्या जिवाणूकडे बघणार, गर्दीकडे नाही.

मग चिठ्ठ्या उतरवल्या. "गांधीलमाशी घर ओळखते", सही. "वेल आधार शोधते", बऱ्याच वादानंतर सही. बाजू मांडणारीनं अमरवेलीचा दाखला दिला. तिचं कोवळं रोप हवेतल्या वासावरून टोमॅटोकडे झुकतं, २००६मध्ये दाखवलेलं आहे. "जनुक ठरवतो", नाही. "निसर्ग निवडतो", सगळे हसले, सही कोणाचीच नाही, आणि उद्यापासून सगळे तेच लिहिणार. माझ्या चिठ्ठीवर मी "जातो" खोडून "पोचतो" केलं. बाईंनी भुवया उंचावल्या, पण घेतली.

दुपारी बॅग आली. शिबिर संपल्यावर. तिचं काय म्हणणं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

निघण्यापूर्वी बाटल्यांतलं पाणी तळ्यात परत टाकायचं काम माझ्याकडे आलं. खाली बस उभी होती. एक-एक बाटली तिरपी करत ओतली. शेवटच्या बाटलीच्या काचेवर आतून एक पांढुरका ठिपका चिकटलेला होता. तळ्याचं पाणी भरून विसळली, ठिपका गोळा झाला, पण हलला नाही. पुन्हा विसळली. बसनं भोंगा दिला. मी बाटली पाण्यात आडवी धरून काठावर बसून राहिले, जोडीदारीण वरून हाका मारत होती, आणि थोड्या वेळानं उजेडासमोर धरून बघितलं तर काच स्वच्छ होती.

बसमध्ये तिनं विचारलं, "काय झालं?" मी वही काढली, "सुटली" लिहिलं, त्याच्यापुढे तिरपी रेघ मारली आणि "सोडलं" लिहिलं. दोन्ही तसंच ठेवलंय.